क्लबच्या स्कोपची तपासणी आणि वॉरंटी: कामाच्या नोंदी

१ जून

नेमबाजी क्लबचे सगळे स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी, आज दादरच्या वर्कशॉपवर आले. दोन प्लास्टिकच्या क्रेट, काही नग मूळ खोक्यात, काही जुन्या मोज्यांत गुंडाळलेले. सेक्रेटरी साहेबांना हवे आहे ते थोडक्यात असे: कोणता चालतो, कोणता वॉरंटीत कंपनीकडे जाईल, कोणता भंगारात, आणि यंदाच्या बजेटमधून नवे घ्यायचे तर कोणते. सोबत यादी आहे. तिच्यात तक्रारीच्या रकान्यात जवळपास सगळीकडे एकच शब्द: 'हलतो'.

मुंबईत शिकारीच्या स्कोपचे काय काम, असे वर्कशॉपमधल्या पोराने विचारलेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषय संपला. बाजारात मिळणारा माल मात्र अजून अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यासाठी बनवलेला: ३ ते ९ पट, पुढचे भिंग ४० मिमी, नळी एक इंची. ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफलला भिंगाची दुर्बीण चालतच नाही, म्हणून स्पर्धेतल्या मुलांना याची गरज नाही. हे नग आहेत ते हौशी सभासदांच्या .२२ कॅलिबरच्या रायफलींवरचे आणि एअर रायफलींवरचे. शिवाय थोडे आजोबांच्या कपाटातून आलेले.

३ जून

मांडणी झाली. क्लबची २५ मीटरची गॅलरी दुपारी रिकामी असते. एका टोकाला जड व्हाइस, तिच्या जबड्यांना रबर, त्यात स्कोप. समोरच्या भिंतीवर मिलिमीटरचा आलेख. एकही गोळी झाडायची नाही. रायफल, गोळी आणि नेमबाज बाजूला केले की दोष स्कोपचा आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो.

टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवायच्या चाकावर, 'पाव एमओए' लिहिलेले असते. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २९.१ मिमी होतो. म्हणजे पाव एमओएचा एक क्लिक १०० मीटरवर ७.३ मिमी आणि आमच्या २५ मीटरवर १.८ मिमी. ४० क्लिक फिरवले की रेटिकल, म्हणजे आतली नेमाची फुली, ७२.७ मिमी सरकले पाहिजे. हा आकडा भिंतीवर मोठा लिहून ठेवला. वर ४०, उजवीकडे ४०, खाली ४०, डावीकडे ४०, आणि फुली सुरुवातीच्या ठिपक्यावर परत यायला हवी.

डोळा हलला की वाचन बदलते, म्हणून मागच्या भिंगासाठी मधोमध बारीक भोक पाडलेले झाकण लेथवर करून घेतले. टर्नरभाऊ म्हणाला, "एवढ्याशा भोकासाठी लेथ कशाला, सुईने पाड ना." भोक मध्यावर नसेल तर सगळी मोजमापे फुकट, हे त्याला चहा पाजून पटवावे लागले.

७ जून

व्हाइसमध्ये बसवण्याआधी प्रत्येक नग रायफलीवर जसा होता तसाच पाहिला, आणि 'हलतो' या तक्रारींचा मोठा भाग तिथेच निकालात निघाला. हलत होते ते माउंट, म्हणजे स्कोपला रायफलीवर धरणाऱ्या रिंगा आणि त्यांची बैठक.

एअर रायफलीवर ११ मिमीची खाच असते, रिंगा तिच्यात चिमटून बसतात. स्प्रिंगच्या रायफलीचा झटका बसला की माउंट खाचेवरून केसाकेसाने मागे सरकतो. खाचेवर ओरखड्यांची रेघ स्पष्ट दिसते. अडवायला पिन लागते, ती अर्ध्या माउंटना नाहीच. उलट टोकाचा प्रकारही आहे: स्क्रू इतके आवळलेले की रिंगांनी नळीला कड पाडली आहे. क्लबच्या रायफलींची देखभाल करणाऱ्या आर्मरर काकांना विचारले, किती आवळता? "कट्ट होईपर्यंत," काका म्हणाले. रिंगांच्या स्क्रूला बहुतेक उत्पादक १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर. लांब दांड्याच्या ॲलन कीने 'कट्ट' करायला गेलात तर हा आकडा कधीच मागे पडलेला असतो.

हे वॉरंटीच्या दृष्टीने महत्त्वाचे. चेपलेल्या नळीत आतली यंत्रणा अडकते आणि टरेट फिरवून रेटिकल सरकत नाही. नग सर्व्हिसला गेला की तिथला माणूस आधी रिंगांचे वळ बघतो. ज्या कंपन्यांची हमी फक्त कारखान्यातल्या दोषापुरती आहे, त्यांना नाही म्हणायला तेवढे पुरते.

नागदेवी स्ट्रीटवरून टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर आणला. काकांनी हातात घेऊन बघितला, किंमत विचारली आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

१० जून

आजचा विषय पॅरलॅक्स. उरलेल्या 'हलतो' मधले बरेच इथे संपले.

शिकारीच्या साध्या स्कोपमध्ये पॅरलॅक्स कारखान्यातच एका अंतराला बांधून देतात, बहुधा १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला. त्या अंतरावर डोळा भिंगामागे थोडा इकडेतिकडे झाला तरी फुली लक्ष्यावरच राहते. जवळच्या लक्ष्यावर राहत नाही. ४० मिमीच्या भिंगाचा हिशेब केला: २५ मीटरवर डोळा अगदी कडेला गेला तर चूक साडेचौदा मिमीपर्यंत, १० मीटरवर जवळजवळ अठरा मिमी. एअर रायफलच्या अधिकृत टार्गेटचा सगळा काळा भाग ३०.५ मिमीचा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा. म्हणजे गाल लाकडावर दर वेळी वेगळ्या जागी टेकणारा सभासद निव्वळ मान हलवून नेम काळ्याच्या मध्यावरून पार बाहेर नेऊ शकतो, आणि मग म्हणतो, "स्कोप झिरो धरत नाही," म्हणजे एकदा जुळवलेला नेम टिकत नाही.

असा स्कोप कंपनीकडे पाठवला तर 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लागून परत येतो आणि भाडे आपल्या अंगावर. हे नग बाद नाहीत, त्यांची जागा चुकली आहे. १० मीटरसाठी पुढच्या भिंगाची कडी किंवा बाजूचे चाक फिरवून जवळ जुळवता येणारा स्कोपच हवा. सेक्रेटरी साहेबांना फोनवर हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या सभासदांनाच सर्व्हिसिंगला पाठवायचे?" पाठवता आले तर बरेच.

१६ जून

मोजणी पूर्ण. बहुतेकांचा चौकोन नीट बंद झाला. काहींत ४० क्लिकला ७२.७ ऐवजी ६९-७० मिमी येते, पण परतताना फुली जागेवर येते. शिकाऱ्याला हे चालते, कारण तो एकदा झिरो करतो आणि टोपण लावून विसरतो. अंतरागणिक टरेट फिरवणाऱ्याला चालत नाही. रजिस्टरमध्ये तसे लिहिले.

खरे बिघडलेले निघाले ते सगळे स्प्रिंगच्या एअर रायफलीवरचे. याचे कारण नीट लिहून ठेवतो, कारण नवीन खरेदी यावरच ठरणार आहे.

स्कोपच्या मोठ्या नळीत एक छोटी नळी असते. प्रतिमा सुलटी करणारी भिंगे तिच्यात. टरेटचे स्क्रू तिला वरून आणि बाजूने दाबतात, समोरून एक स्प्रिंग तिला स्क्रूंवर रेटून धरते. या स्प्रिंगचा जोर कमी झाला की टरेट फिरवला तरी छोटी नळी लगेच मागे येत नाही. दोन-तीन शॉटनंतर एकदम उडी मारते. व्हाइसमध्ये हे पकडायला सोपे: क्लिक फिरवायचे, वाचन घ्यायचे, प्लॅस्टिकच्या हातोडीने टरेटच्या बैठकीवर हलकी टिचकी मारायची, पुन्हा वाचन. फरक पडला तर स्प्रिंग थकली.

बंदुकीचा धक्का एकाच दिशेचा, मागे. स्कोपची भिंगे त्या धक्क्याला टेकू देऊन बसवलेली असतात. स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे जाते, आणि पिस्टन हवेच्या गादीवर आदळून थांबतो तेव्हा ती पुढे हिसका खाते. हा दुसरा, उलटा हिसका मोठ्या बंदुकीसाठी बनवलेल्या स्कोपच्या हिशेबातच नसतो. म्हणून मोठ्या कॅलिबरच्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेला चांगला स्कोप एका 'खेळण्यातल्या' रायफलीवर महिन्यात मान टाकतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यामुळे आपल्याकडे सगळ्यांत जास्त स्कोप नेमके तिथेच चढतात. खोक्यावर 'एअर गन रेटेड' असे स्पष्ट नसेल तर तो नग स्प्रिंगवर चढवायचा नाही. आधीच दाबाने हवा भरून ठेवलेल्या पीसीपी रायफलीला हा त्रास नाही.

२२ जून

पाऊस. माटुंग्याला पाणी, पोरगा आला नाही. काम बंद.

२९ जून

धुक्याच्या तक्रारी. दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. एसीच्या खोलीतून स्कोप व्हरांड्यात आणला की भिंगावर बाहेरून दव बसते. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड काहीही बाहेर आणा, ओले होणारच. कापडाने पुसून गेले तर तक्रार नाही. आतल्या बाजूला धुके आले आणि पुसता येईना, तर सील गेले.

नळीत कोरडा नायट्रोजन भरून सील करण्याची पद्धत शिकारीच्या स्कोपमध्ये १९४७ पासून रुळली, ल्यूपोल्ड या अमेरिकन स्कोप कंपनीमुळे. मार्कस ल्यूपोल्ड यांचा स्कोप ओरेगॉनच्या पावसात धुरकटला, हरीण निसटले आणि यापेक्षा चांगला स्कोप मी करीन असे ते म्हणाले, ही गोष्ट कंपनी आजही सांगते. नायट्रोजनमध्ये जादू नाही, तो कोरडा असतो एवढेच. सीलची रबरी ओ-रिंग कडक झाली की तो हळूहळू निघून जातो आणि त्याच्या जागी दादरची हवा शिरते.

कोमट पाण्याची चाचणी घेतली, पण फक्त वॉरंटी संपलेल्या नगांवर. बादलीत ४५ अंशांच्या आसपास पाणी, त्यात स्कोप. सुरुवातीला टरेटच्या टोपणाखाली अडकलेली हवा बुडबुडे सोडते, ते मोजायचे नाहीत. नंतर एकाच जागेवरून बुडबुड्यांची साखळी सुरू झाली तर तिथे गळती. एका नगात ती झूमच्या कडीपाशी निघाली.

फोर्टातले कॅमेरा दुरुस्तीवाले उघडून, साफ करून देतात. काम सुबक असते. पण उघडला की वॉरंटी गेली आणि गॅसही गेला. एसीवाल्यांकडे कोरड्या नायट्रोजनचा सिलिंडर असतो, तो पाइपलाइन तपासायला वापरतात. त्यांच्याकडून भरून घेणारे हौशी आहेत. गॅस आत सोडायला स्कोपला स्क्रूचे भोक मात्र असावे लागते, आणि बहुतेकांना नसते.

६ जुलै

कपाटातला जुना जर्मन स्कोप. ४ पट, पोलादी नळी, कॅलिपरवर २६ मिमी. अमेरिकन एक इंच म्हणजे २५.४. कोणीतरी एक इंची रिंगा त्याच्यावर ओढूनताणून बसवल्या होत्या, ताबडतोब काढल्या. नातवाची तक्रार अशी की फुली मध्यात दिसत नाही. त्या काळातल्या रचनेत टरेट फिरवला की फुली स्वतःच दृश्यात बाजूला जाते. नंतरच्या स्कोपमध्ये ती कायम मध्यात दिसेल अशी सोय झाली. म्हणजे यंत्र ठीक आहे, माउंट वाकडा आहे. माउंटखाली पत्र्याची पट्टी घालून बराचसा मध्यात आणला.

भिंगांच्या जोडात कडेने पिवळसर चंद्रकोर आली आहे, भिंगे चिकटवणारा जुना बाल्सम सुटतोय. आत बुरशीचे जाळे आहे, पण कोवळे. चामड्याच्या केसमध्ये ठेवला होता. मुंबईत बुरशी वाढवायची असेल तर चामड्याची केस आणि बंद कपाट यापरते काही लागत नाही. जाळे जुने झाले की ते कोटिंग खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. बुरशी कुठलीच कंपनी सहसा हमीत धरत नाही, तिला 'साठवणुकीचा दोष' म्हणतात, आणि खरे सांगायचे तर ते बरोबरच आहे.

हा क्लबच्या यादीतून काढून घरच्यांना परत.

१४ जुलै

आज दिवसभर वॉरंटीचे कागद वाचले. स्कोपच्या जाहिरातीत 'लाइफटाइम' हा सगळ्यांत मोठ्या अक्षरातला शब्द असतो. लाइफ कोणाचे, हे आत बारीक अक्षरात.

व्होर्टेक्स कंपनीची हमी वाचायला सगळ्यांत मोकळी: पावती नको, मालक बदलला तरी चालेल, चूक कोणाची ते विचारत नाहीत. हरवणे, चोरी, मुद्दाम केलेली मोडतोड आणि कामाला बाधा न आणणारे ओरखडे एवढेच वगळले आहे. ल्यूपोल्डचीही आजन्म हमी. इतर अनेकांची 'लिमिटेड लाइफटाइम' असते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यापासून 'फुल' आणि 'लिमिटेड' हे लिहूनच द्यावे लागते, आणि 'फुल' म्हटले तर मुदतीत जो कोणी मालक असेल त्याला ती लागू. पण तो कायदा तिथला. आपल्या हातात राहतो तो कागद आणि त्यावरचा पत्ता.

कंपनीच्या आयुष्याचाही प्रश्न आहेच. निकॉनसारख्या मोठ्या नावाने काही वर्षांपूर्वी रायफल स्कोप बनवणेच बंद केले. डेन्व्हरची रेडफील्ड १९९८ मध्ये बसली. नाव पुढे ल्यूपोल्डने घेतले. नाव विकत घेणारा जुन्या खोक्यांची जबाबदारीही घेतोच असे नाही.

आमच्या यादीतल्या खऱ्या बिघडलेल्या नगांपैकी बहुतेक कोणाच्या तरी मेव्हण्याने किंवा भाच्याने अमेरिकेतून आणलेले. वॉरंटी शाबूत, भारतात विचारायला कोणी नाही.

२३ जुलै

सहार विमानतळाकडच्या एका क्लिअरिंग एजंटबरोबर बसलो. त्यांना वाटले होते दुर्बीण म्हणजे कस्टमच्या दरसूचीतला ९००५ नंबर. नाही, शस्त्रावर बसवायची दुर्बीण ९०१३ मध्ये येते. ९००५ म्हणून पाठवला तर परत येताना वाद.

दुरुस्तीला बाहेर पाठवून परत आणलेल्या मालाला कस्टमची सवलत आहे. ठरलेल्या मुदतीत परत यायला हवा, आणि ड्यूटी पूर्ण किमतीवर न लागता दुरुस्तीचा खर्च, सुटे भाग, विमा आणि दोन्ही बाजूंचे भाडे यांवर लागते. गंमत म्हणजे तो खर्च प्रत्यक्षात झाला असो वा नसो. कंपनीने फुकट दुरुस्त करून दिला तरी 'दुरुस्ती किती रुपयांची झाली असती' यावर ड्यूटी.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. परत येणारा माल तोच आहे हे पटले तरच सवलत. आणि मोठ्या कंपन्या स्वस्त नग दुरुस्त करत बसत नाहीत, सरळ नवा देतात. ग्राहकाच्या दृष्टीने उदारपणा, कस्टमच्या दृष्टीने वेगळ्या नंबरचा वेगळा माल, म्हणजे नवी आयात. एजंट म्हणाले, "साहेब, तुम्ही त्यांना सांगा, जुनाच परत द्या!" असे सांगणारा ग्राहक कंपनीने अजून पाहिला नसेल.

शिवाय अमेरिकेतून बंदुकीची दुर्बीण बाहेर पाठवणे तिथल्या वाणिज्य खात्याच्या निर्यात नियमांखाली येते, वर्गीकरण ०ए५०४. म्हणून तिथले सर्व्हिस सेंटर परदेशी ग्राहकाला बहुधा 'तुमच्या देशातल्या वितरकाकडे जा' असेच सांगते.

कुरिअर, एजंट, ड्यूटी, सगळे धरून मध्यम किमतीच्या स्कोपसाठी हा रस्ता परवडत नाही. मेव्हणे पुन्हा अमेरिकेला जाणार असतील तर त्यांच्याशी ज्याने त्याने बोलावे.

५ ऑगस्ट

भारतात बिलासह घेतलेला एकच बिघडलेला नग निघाला, स्प्रिंग थकलेला. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला आहे. पॅकबंद मालाच्या नियमांनुसार तो असावाच लागतो. ज्या दुकानातून घेतला तिथला माणूस आधी म्हणाला, "वॉरंटी कंपनीची, आमची नाही." ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये विक्रेत्याच्या व्याख्येत आयात करणाराही येतो आणि तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत करता येते, हे त्याला शांतपणे सांगितले. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर पाठीमागच्या भिंतीवरच लावलेला होता. मग आयातदाराला मेल गेला.

मेलमध्ये 'हलतो' असे लिहिले नाही. व्हाइसमधले वाचन, टिचकीआधी आणि टिचकीनंतरचे, आलेखाचा फोटो, नंबरचा फोटो, रिंगांचे वळ नाहीत हे दाखवणारा फोटो. पाठवण्याआधी स्कोपमधली बॅटरी काढून ठेवली.

१९ ऑगस्ट

आयातदाराचे उत्तर: नग स्वीकारला, बदलून देतो. एकही उलट प्रश्न नाही.

खरेदीची शिफारस आज लिहून दिली. एअर रायफलींसाठी: एअर गन रेटेड आणि १० मीटरपर्यंत जुळणारे. .२२ साठी: ५० यार्डांना पॅरलॅक्स बांधलेले रिमफायर (.२२ च्या काडतुसासाठीचे) स्कोप पुरे. दोन्हींसाठी अट: आयातदाराचे लेबल, जीएसटी बिल, आणि सर्व्हिस कुठे करता हे आयातदाराकडून लेखी. याच बजेटमध्ये बाहेरून एक वरच्या दर्जाचा स्कोप आणता येईल, असे कमिटीतल्या एकांचे म्हणणे. आणता येईल. बिघडला तर शोकेसमध्ये ठेवता येईल.

पैसे उरले तर ड्राय कॅबिनेट, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर. नाही उरले तर झाकणाला रबर असलेले डबे आणि सिलिका जेल. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरायचे. हे काम काकांनी आपणहून मागून घेतले.

८ सप्टेंबर

बदली नग आला. नंबर वेगळा, म्हणून रजिस्टरमध्ये नवी ओळ आणि जुन्या बिलाला आयातदाराचे पत्र जोडले. व्हाइसमध्ये: ४० क्लिकला ७२.५, चौकोन बंद, टिचकीला फरक नाही. काकांनी .२२ वर बसवला, टॉर्क ड्रायव्हरने. डब्यावर लाल मार्करने लिहिले: स्प्रिंगवर चढवू नये.

बाहेरून आणलेले बाकीचे बिघडलेले नग मालकांच्या नावाची चिठ्ठी लावून क्लबच्या ऑफिसात ठेवले आहेत. महिनाअखेरपर्यंत न्यावेत.